एकाहत्तर सालची लेन्स

"जपून हां भाऊ, हळदकुंकू लागेल हाताला," गोदाक्का म्हणाल्या आणि पाटावर ठेवलेला कॅमेरा त्यांनी पाटासकट माझ्यापुढं सरकवला.

हळदकुंकू वाहिलेला कॅमेरा मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. शिंपी मशीन पुजतो, गवंडी थापी पुजतो, तसा या घरात दर खंडेनवमीला हा कॅमेरा पुजला जात होता. लेन्सच्या कड्यावरच्या खाचांत कुंकू जाऊन बसलं होतं, एक वाळकी झेंडूची पाकळी चिकटली होती. चांगल्या काचांची लोक काय दशा करतात ते बघून मला भारी राग येतो. पण घर परक्याचं, बाई विधवा, आणि समोर पोह्यांची बशी. म्हटलं, गप बस.

ही गोष्ट नव्व्याण्णव सालच्या नोव्हेंबरातली, कराडची. मी तेव्हा कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत तपासणी खात्यात होतो. दिवसभर कास्टिंगं मोजायची, केसभर फरकावरून लोकांशी भांडायचं, आणि घरी आलं की जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्सा घेऊन बसायचं. दोनशेवर लेन्सा होत्या माझ्याकडं. लेन्सच्या पुढच्या कड्यावर बारीक अक्षरात एक आकडा कोरलेला असतो. तो आकडा, काचेवरच्या मुलाम्याचा रंग, आत उजेड कमीजास्त करणाऱ्या पात्यांची संख्या, एवढं बघून ती कुठल्या साली तयार झाली ते मी सांगायचो. त्यासाठी दोन जर्मन माणसांशी पंधरा वर्षं पत्रव्यवहार करून आकड्यांची एक जाडजूड वही भरली होती. आमची बायको म्हणायची, "माझा वाढदिवस विसरतील, पण काचेचा नाही."

प्रत्येक लेन्सला मी एक चिठ्ठी करायचो. कंपनी, आकडा, साल, खाली सही. साल पक्कं नसेल तर जागा कोरी ठेवायची, अंदाजानं लिहायचं नाही, हा माझा नेम. पुण्यामुंबईचे संग्राहक माझ्या चिठ्ठीवर डोळे झाकून विश्वास ठेवायचे. मला त्याचा माज होता, हे आधीच सांगून टाकतो.

मला बोलावलं होतं ते गोदाक्कांच्या मुलीनं, शालननं. ती शाळेत शिक्षिका होती. तिचे वडील रंगराव शिंगण हे कराडातले फोटोग्राफर. सदुसष्ट सालच्या डिसेंबरात ते कोयनानगरला एका लग्नाचे फोटो काढायला गेले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला, त्यात ते गेले. शालन तेव्हा दीड वर्षाची होती. आता गावातली काही मंडळी भूकंपाच्या दिवशी जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवणार होती. त्यात शिंगणांचा कॅमेरा ठेवायचा होता, आणि त्यापुढं मांडायला त्याची माहिती हवी होती. पेपरात माझ्या संग्रहावर चार ओळी आल्या होत्या, त्या वाचून तिनं फोन केला होता.

"एवढं साल लिहून द्या साहेब, म्हणजे झालं," शालन म्हणाली.

मी पिशवीतून कापूस, काडेपेटी आणि भिंग काढलं. काडीला कापूस गुंडाळून खाचांतलं कुंकू काढायला लागलो. गोदाक्का समोर भिंतीला टेकून बसल्या होत्या. साठीच्या आतबाहेरची, बारीक चणीची बाई. मी काय करतोय ते त्या एकटक बघत होत्या.

"दोन वेळा घर बदललं, पण याला कधी खाली ठेवला नाही," त्या म्हणाल्या. "लोकांनी काही म्हणून बोलायचं ठेवलं नाही भाऊ. धरणावरच्या कॉलनीतली कोण एक बाई होती म्हणे, भूकंपात ती बी गायब. मग काय, दोघं मिळून कोकणात उतरले, चिपळूणला दुकान टाकलं, असं उठवलं लोकांनी. आमच्या सख्ख्या जाऊबाई हे पाणवठ्यावर बोलत होत्या. मी घरात घेतलं नाही पुन्हा त्यांना."

"जाऊ दे ना आई आता," शालन म्हणाली.

"का जाऊ दे? सांगू दे की. प्रेत मी बघितलं नाही हे खरं. रस्ते तुटलेले, तारा तुटलेल्या. आम्ही पोचायच्या आत सगळ्यांचं एकत्र उरकलं होतं. पण इब्राहिमभाऊजी होते ना बरोबर! यांचे जोडीदार, दुकानात निगेटिव्हला हात मारायचं, डाग काढायचं काम करायचे. त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. झोपेतच गेले. अंगावर ओरखडा नव्हता. कॅमेरा उशाशी होता, त्यालाबी ओरखडा नाही. बघा तुम्हीच."

खरंच नव्हता. काच निर्मळ होती.

"भाऊजींनी चार-पाच वर्षांनी आणून दिला कॅमेरा. म्हणाले, वहिनी, इतके दिवस तुमच्यापुढं यायचा धीर झाला नाही. तेव्हापासून दर वर्षी भूकंपाच्या दिवशी केळ्यांचा घड घेऊन येतात, अर्धा तास बसतात, जातात. त्यांच्या एका शब्दावर मी बत्तीस वर्षं काढली. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?"

मी नुसतं हं हं करत होतो. माझं लक्ष आकड्यात. शेवटचा अंक कुंकवाखालून बाहेर आला तशी मी वही उघडली. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मग लेन्स खिडकीशी नेऊन तिरपी धरली, काचेवरच्या चकाकीचा रंग बघितला. आतली पाती मोजली. सगळं जुळत होतं. मला तर गुदगुल्याच झाल्या. लोकांना घरातल्या वस्तूचं जे वय वाटत असतं ते खोडून काढण्यात एक मजा असते.

"एकाहत्तर," मी म्हणालो.

"काय एकाहत्तर?" शालननं विचारलं.

"लेन्सचं साल. एकोणीसशे एकाहत्तर."

"पण साहेब, बाबा तर सदुसष्टात..."

आता इथं गप बसावं की नाही? पण मला वाटलं, बाई माझ्या ज्ञानावर शंका घेतेय. मी तिला वही दाखवली. आकड्यांच्या ओळी दाखवल्या. काचेवरचा रंग दाखवला. "मॅडम, माणूस चुकेल, आकडा नाही चुकत," असंही म्हणालो.

गोदाक्का पुढं सरकल्या. "म्हणजे ही काच भूकंपात नव्हती?"

"नव्हतीच. कशी असेल? तेव्हा ती तयारच झाली नव्हती."

"मग बसवली कुणी?"

आता ते मला काय ठाऊक? लेन्स आट्यांवर फिरवली की निघते, दुसरी फिरवली की बसते. कुणीही बसवू शकतो. शेंबड्या पोरालाही हे सांगता आलं असतं. पण माझं डोकं चाललं ते संग्राहकाचं. मी कडं बघितलं, आटे बघितले, आणि एखाद्या वकिलाच्या थाटात म्हणालो, "हे बघा, शौकीन माणूस आपल्या कॅमेऱ्याची लेन्स दुसऱ्याला बदलू देत नाही. ज्याचा कॅमेरा, तोच बदलतो. एकाहत्तरनंतर कुणीतरी ही निवडून घेतलीय आणि चांगली वापरलीय. हे काम जाणत्या हाताचं आहे."

शालननं माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"चिठ्ठी द्या लिहून," गोदाक्का म्हणाल्या.

मी लिहून दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, चार घड्या घातल्या आणि कनवटीला लावली. मग उठून स्वतः चहा टाकला. मी चहा प्यालो, पोहे संपवले, आणि साडेतीनची एसटी धरून खुशीत घरी आलो. प्रदर्शनाला चांगली माहिती मिळाली, एवढंच माझ्या डोक्यात.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी दारात एक म्हातारा उभा राहिला. डोक्यावर टोपी, अंगात धुतलेला पण विटका शर्ट, हातात तंबाखूचा पत्र्याचा डबा.

"चिठ्ठीवाले साहेब तुम्हीच का?" त्यानं विचारलं. "मी इब्राहिम बागवान. कराडचा."

मी त्याला आत घेतलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला. पाणी दिलं ते त्यानं घेतलं आणि हातातच धरून ठेवलं.

"अकरा डिसेंबरला मी वहिनीकडं गेलो होतो, नेमाप्रमाणं," तो म्हणाला. "दारातच उभं केलं मला. तुमची चिठ्ठी पुढं धरली. म्हणाल्या, भाऊजी, हे कुठं आहेत ते सांगा. मी काही करणार नाही, कुणाला बोलणार नाही, फक्त गाव सांगा. मी म्हटलं, वहिनी, रंगा गेला. तर म्हणाल्या, मेलेला माणूस चार वर्षांनी काच विकत घेतो का? केळी माझ्या अंगावर टाकली साहेब. सगळी गल्ली बघत होती. प्रदर्शनात कॅमेराबी ठेवू दिला नाही त्यांनी, परत आणला."

"पण मी असं कुठं म्हणालो?"

"तुम्ही काय म्हणालात ते मला ठाऊक नाही. पण एक काम करा माझं. एक नवी चिठ्ठी द्या. माझी चूक झाली म्हणून लिहा. साताच्या जागी सहा करा. एकसष्ट. बस, एक आकडा."

"पण ती लेन्स एकाहत्तरची आहे हो, इब्राहिमभाई."

"असू दे की. बाईला काय कळतंय? तुमच्या सहीवर विश्वास आहे त्यांचा."

"खोटं साल मी लिहीत नाही. आजवर लिहिलं नाही." हे म्हणताना माझी मान ताठ झाली होती, ते अजून आठवतं. "आणि तुम्हाला ते खोटं का हवंय, तेही कळू दे की."

त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. डब्याचं झाकण उघडलं. आत मळकट फडक्यात गुंडाळलेली एक लेन्स होती. लेन्स कसली, चेचलेलं कडं. चांदीसारखा ॲल्युमिनियमचा घाट, आत चेपलेला, पुढची काच गेलेली, एका बाजूला नखाएवढा तुकडा अडकून राहिलेला. आकडा मात्र शाबूत.

"ही खरी," तो म्हणाला.

माझा हात आपोआप भिंगाकडं गेला. छप्पन साल. कॅमेराही त्याच सुमाराचा होता, तो बघतानाच मला कळायला हवं होतं. छप्पनचा कॅमेरा आणि एकाहत्तरची लेन्स, ही विसंगती समोर असून मी तिच्यावरून उडी मारून गेलो होतो.

"आम्ही कॉलनीत एकाच्या खोलीवर उतरलो होतो," इब्राहिम सांगायला लागला. "पहाटे मी परसाकडला म्हणून बाहेर गेलो, आणि जमीन हलली. उठून बघतोय तर खोली नाही. रंगा कॅमेरा छातीशी धरून झोपायचा, चोराच्या भीतीनं. वरून दगडी भिंत. आणि हे कडं मधे." त्यानं आपल्या बरगड्यांवर हात ठेवला. "लगेच नाही गेला, साहेब."

त्यानं फडकं कड्यावर ओढलं.

"मी वहिनीला सांगितलं, झोपेत गेला, ओरखडा नव्हता. तिच्या मांडीवर एवढीशी पोर. दुसरं काय सांगणार? मी निगेटिव्ह खरडणारा माणूस. कुणाच्या तोंडावर देवीचे वण असले की पुसायचे, डाग असला की काढायचा. तेच काम केलं. मग वाटलं, कॅमेरा द्यायचा तर तोबी ओरखडा नसलेला पाहिजे. मुंबईला गेलो, एका स्टुडिओत चार वर्षं राहिलो. तांबटाकडनं कॅमेऱ्याचा पत्रा ठोकून घेतला. फोर्टात एका दुकानात या आट्यांना बसणारी काच मिळाली, घेतली, बसवली. त्यावर साल असतंय हे मला काय ठाऊक!"

मग मला एकदम सगळं सोपं वाटायला लागलं.

"इब्राहिमभाई, खोटं कशाला? ही फुटकी लेन्सच पुरावा आहे. ती घेऊन जाऊ. नवरा पळून गेला नव्हता हे कळलं की बाईचा जीव थंड होईल. तुमच्यावरचा बट्टा जाईल, रंगरावांवरचाही."

"मग कसा गेला तेबी सांगावं लागेल."

"सांगायचं. बत्तीस वर्षं झाली आता."

"तुम्ही खोटं नाहीच लिहिणार?"

"नाही."

त्यानं डबा बंद केला. बराच वेळ तो माझ्या कपाटातल्या लेन्सांकडं बघत राहिला. शेवटी म्हणाला, "चला मग. रंगाचं नाव तरी साफ होऊ दे." मी आतल्या खोलीत जाऊन नवी चिठ्ठी केली. छप्पन साल, सही. बायको म्हणाली, "आज रविवार, जेवून तरी जा." मी म्हटलं, आलोच.

कराडला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. गल्लीच्या तोंडाशीच शालन भेटली, हातात दळणाचा डबा. मला बघून ती थांबली. इब्राहिमला बघून तिचा चेहरा पडला.

"आईला आता काही सांगू नका साहेब, एवढंच," ती हळू आवाजात म्हणाली. "बाबांचा फोटो पेपरात छापलाय तिनं. हे गृहस्थ कुठं दिसल्यास कळवा म्हणून. मागच्या रविवारी आला. तेव्हापासून सकाळ झाली की दारात येऊन बसते. कुणीतरी पत्ता घेऊन येईल म्हणते."

"चिडल्यात का अजून?"

"चिडल्यात? दिवसभर शिव्या घालते बाबांना. भाजी चिरताना, झाडताना. मेल्या, कुणाच्या हातचं खातोस रे, असं चाललेलं असतं. पण खरं सांगू का, मी माझ्या जन्मात तिला एवढं बोलताना बघितलं नव्हतं. दोन घास जास्त खाते. आणि..." तिनं कपाळाला बोट लावलं. "कुंकू लावायला लागलीय. मी म्हटलं, आई, लोक काय म्हणतील? तर म्हणाली, नवरा जिवंत असलेल्या बाईनं लावायचं नाही तर कुणी लावायचं?"

इब्राहिमनं माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"साहेब, चला माघारी."

"अहो, पण इथवर आलो..."

"चला म्हणतो ना! मला लबाड म्हणू दे. केळी अंगावर टाकू दे. राहू दे तिला असंच. कुणाचं काय जातंय?"

शालनला काही कळेना, ती दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. मी काय केलं असतं तर चाललं असतं? मागं वळून एसटी स्टँडवर गेलो असतो, तरी चाललं असतं. पण त्या मायलेकींसमोर मी एक चुकीचा निष्कर्ष काढला होता आणि तो माझ्या सहीनिशी त्या घरात पडून होता. तो मला तिथं ठेवायचा नव्हता. बाईसाठी म्हणून मी निघालो होतो, पण तिथं गल्लीच्या तोंडाशी ते मला पुरतं कळलं, की हे मी माझ्यासाठी करतोय. कळूनही मी मनगट सोडवून घेतलं.

"खोट्यावर माणूस किती दिवस जगेल, इब्राहिमभाई?" असं काहीतरी मी बोललो आणि पुढं झालो. तो माझ्या मागून आला. त्याच्या मित्राचं मरण मी एकट्यानं सांगावं, हे त्याला बघवलं नसणार.

गोदाक्का उंबऱ्याशी पाटावर बसल्या होत्या. नऊवारी धुवट हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मला बघताच त्या लगबगीनं उठल्या.

"या भाऊ, या! काय, लागला पत्ता? मला ठाऊक होतं, लागला तर तुमच्याकडनंच लागणार." मग त्यांना माझ्यामागचा इब्राहिम दिसला. "हे कशाला आलेत?"

"अक्का, आत बसू," मी म्हणालो.

आत सतरंजीवर बसलो. मी सुरुवात काय केली असेल? "लेन्सचं साल मी सांगितलं ते बरोबरच आहे," ही माझी सुरुवात. मग म्हणालो की त्यावरून मी जो अर्थ काढला तो चुकीचा होता. लेन्स रंगरावांनी बदललेली नव्हती, इब्राहिमनं बदलली होती. खरी लेन्स ही आहे. मी डबा उघडून त्यांच्यापुढं ठेवला, शेजारी छप्पन सालची चिठ्ठी ठेवली. रंगराव कुठं पळून गेले नव्हते, त्या रात्री खोलीतच होते, त्यांच्यावर आलेला आळ खोटा, हे सगळं मी नीट, मुद्द्यानिशी सांगितलं.

चिठ्ठीकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. फडकं बाजूला करून त्यांनी ते कडं उचललं. चेपलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हे असं वाकडं कशानं झालं?"

मी इब्राहिमकडं बघितलं. तो खाली बघत होता.

"भाऊजी, तुम्हाला विचारतेय."

"भिंत पडली, वहिनी."

"कॅमेरा उशाशी होता ना?"

"छातीशी होता."

"झोपेत गेले म्हणाला होतात."

शालन दाराला धरून उभी होती, दळणाचा डबा अजून तिच्या काखेत होता.

"किती वेळ होते?"

"उन्हं आली तवर," इब्राहिम म्हणाला. "मी हातांनी दगड काढत होतो वहिनी. एकटाच होतो. जो तो आपापल्या माणसाला काढत होता. खालचे दगड मला हलले नाहीत."

"बोलत होते?"

"व्हय."

"काय?"

"शालीला विचारत होता. मधेच म्हणायचा, दुकानाची किल्ली तुझ्याकडं आहे का? आणि पाणी मागत होता."

"दिलंत?"

म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "लोटा होता माझ्याकडं. पडलो तेव्हा सांडला. नळ तुटलेले. ओढा खाली होता, पण तो हात सोडीना. म्हणायचा, इब्या, जाऊ नकोस. मी गेलो नाही. पाणी नाही दिलं मी त्याला, वहिनी."

गोदाक्कांनी ते कडं फडक्यात परत गुंडाळलं. घाई केली नाही. डब्यात ठेवलं, झाकण लावलं. मला वाटलं, आता त्या रडतील. शालन पुढं झाली, तिला त्यांनी हातानं थांबवलं. मग माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला सोसलं असतं.

"भाऊ, तुम्ही मागल्या खेपेला आलात, तेव्हा आठ दिवस मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं," त्या म्हणाल्या. "नवऱ्यानं मला फसवलं, इतकी वर्षं मी वेड्यासारखी कॅमेऱ्याला कुंकू लावत बसले, असं झालं होतं. मग म्हटलं, असू दे. चिपळूणला असतील. म्हातारे झाले असतील. गुडघे दुखत असतील. दुसरीच्या हातचं खात असतील, तर खाऊ दे बापडे. दारात आले असते तर जोड्यानं मारलं असतं मी, आणि मग ताट वाढलं असतं. दोन महिने भाऊ, रोज भांडत होते मी त्यांच्याशी. होते की हो ते. कुठंतरी होते."

"अक्का, मला वाटलं खरं कळलं की..."

"कळलं ना," त्या म्हणाल्या.

पदराच्या टोकानं त्यांनी कपाळ पुसलं. एकदा पुसून निघालं नाही, तेव्हा थुंकी लावून पुन्हा पुसलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"शाले, बंब पेटव. अंघोळ करायला पाहिजे, तुझे बाबा गेले," त्या म्हणाल्या. "भाऊजी, तुम्ही बसा. कुठं जाऊ नका, तुमच्याशिवाय कोण होतं त्यांच्याजवळ." आणि माझ्या चपला दाराशी होत्या त्या त्यांनी पायानं सरळ करून माझ्या बाजूला वळवल्या. "साहेब, तुम्ही निघा आता. बातमी तुम्ही आणलीत. घरी गेलात की अंघोळ केल्याशिवाय कशाला शिवू नका."